ताण किती द्यावा?

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांतील संत्र्याच्या बागाइतदारास ‘ताण’ हा शब्द कोणी नव्याने शिकवावा लागत नाही. आंबिया बहार धरावयाचा म्हणजे डिसेंबराच्या सुमारास बागेचे पाणी तोडावयाचे, पाने थोडी कोमेजू द्यावयाची, आणि जानेवारीत बेताबेताने पाणी देऊन तो ताण मोडावयाचा. मग झाड फुलावर येते. या विद्येचे सारे मर्म दिवसांच्या हिशेबात आहे. हलक्या जमिनीतल्या झाडास थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीतल्यास अधिक. पाच-सहा वर्षांच्या आतल्या कोवळ्या झाडावर बहार धरावयाचा नाही. रोगट झाडाला ताण द्यावयाचा नाही. ताण प्रमाणाबाहेर लांबला तर फुले येत नाहीतच, वर फांद्या वाळून जातात, आणि ते झाड सावरावयास पुढे वर्षे लागतात.

बागेचा हा मोसम आणि आमच्या मुलांच्या परीक्षांचा मोसम बहुतेक एकच पडतो. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चात होतात. अंतर इतकेच की झाडांचा ताण जानेवारीत मोडला जातो आणि मुलांचा तेथून वाढू लागतो. संत्र्याच्या एकेका झाडाकडे बोट दाखवून ‘याला आणखी चार दिवस नको’ असे सांगणारा बाप घरातल्या लेकरापुढे मात्र सगळ्यांना एकच माप लावतो, हे आम्हांस नवल वाटते. शाळेत मुलांच्या मनाची निगा कशी राखावी, याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि ते या दोन तालुक्यांच्या निमित्ताने लिहावयाचे आहेत, कारण तेथे या प्रश्नाला एक असा पदर आहे की जो मोठ्या शहरांतल्या व्याख्यानांतून सहसा उलगडला जात नाही.

कोकणातल्या व देशावरच्या वाचकांसाठी थोडी ओळख करून देणे बरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा, तोवर नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्या दक्षिण टोकाचे पांढुर्णा व सौंसर हे मराठी बोलणारे तालुकेही त्याच्यासवे तिकडेच राहिले. २०२३ साली हे दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. येथे घरात मराठी, बाजारात दोन्ही भाषा, आणि कचेरीत व शाळेत हिंदी, असा रिवाज पडून गेला आहे. सोयरीक नागपूर-अमरावतीकडची, दुखणे वाढले की धावही नागपुरास. पण दाखला, गुणपत्रिका व नोकरीचा अर्ज भोपाळच्या तोंडाकडे पाहणारा.

या दोन भाषांच्या सांध्यावर एक गंमत आहे. गंमत म्हणावी की दुर्दैव, ते वाचकांनी ठरवावे. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे काय, हे प्रत्येक मुलाच्या तळहाताला ठाऊक आहे. तेव्हा ज्या मराठी लेकराच्या शाळेच्या फलकावर ‘शिक्षा विभाग’ असे लिहिले आहे आणि ज्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘माध्यमिक शिक्षा मंडळ’ असे छापून येते, त्याने त्याचा अर्थ काय घ्यावा? मोठी माणसे यावर हसतात. पहिलीतले पोर हसत नाही. ते शब्दाचा घरचा अर्थच आधी घेते.

हिंदीशी आमचे वैर नाही, आणि ती या मुलांनी उत्तम शिकावी असेच आम्ही म्हणू. तिच्याविना त्यांचे पुढे चालणारही नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. मूल गणित दुसऱ्या भाषेत करू शकते, इतिहास पाठ करू शकते, निबंधात पारितोषिकही मिळवू शकते. पण जीव घाबरला, अपमान झाला, कोणी एकटे पाडले, रात्री घरात भांडण झाले, हे सांगावयाची वेळ आली की ते आईच्या भाषेकडे वळते. ‘करमत नाही’ हा साधा मराठी शब्द घ्या. त्यात एकटेपणा आहे, हुरहुर आहे, कोणाची तरी आठवण आहे, आणि कारण सांगता न येणे हेही आहे. हिंदीत त्याच्या जवळपास जाणारे शब्द आहेत. परंतु वर्गात उभे राहून, चाळीस मुलांसमोर, ते नेमके शोधून काढणे नऊ वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातले नव्हे. मग ते म्हणते, ‘पेट दुख रहा है.’ गुरुजी त्याला पाणी प्यावयास धाडतात आणि विषय तेथेच मिटतो.

पोट दुखते ही सबब नसते, हेही येथेच सांगून टाकावे. लहान मुलांची काळजी पुष्कळदा शरीराच्या वाटेनेच बाहेर येते. सोमवारी सकाळी दुखणारे पोट, चाचणीच्या दिवशी चढणारे डोके, नीट वळण लागलेल्या मुलाचे पुन्हा अंथरूण ओले करणे, खाण्यावरची वासना उडणे, झोपेत दचकणे, या गोष्टी आजार म्हणून वैद्याकडे न्याव्याच. पण वैद्याने काही नाही म्हटले तर ‘सोंग करतो’ असा शिक्का मारू नये. दुखणे खरे असते, त्याचे मूळ अन्यत्र असते. आणखी एक गोष्ट अशी की, दांडगट मूल शिक्षकांच्या डोळ्यांत भरते, मुके मूल भरत नाही. बाकावर शेवटी बसून वही सुरेख ठेवणारी, कधीही काही न विचारणारी मुलगी ‘फार गुणी’ म्हणून वाखाणली जाते. गुणी असेलही. पण मधल्या सुट्टीत ती कोणाबरोबर डबा खाते, एवढे तरी पाहावे.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातल्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्या बारांत मध्य प्रदेशही होता. तेरा ते सतरा वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी शेकडा ७.३ जणांना उपचार करण्याजोगा काही ना काही मानसिक त्रास आहे, असे तीत आढळले. चाळिसांच्या वर्गात हे तीन जण होतात. आपल्या वर्गातले ते तिघे कोण, हे कोणत्याही शिक्षकाने वर्गशिक्षकाची वही मिटून क्षणभर मनाशी आठवून पाहावे. दोन नावे चटकन सुचतील. तिसरे बहुधा सुचणार नाही, आणि खरी चिंता त्याच तिसऱ्याची आहे.

कायद्यात या बाबतीत जे लिहिले आहे ते आमच्या पुष्कळ शिक्षकांस व पालकांस माहीत नसावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात अभ्यासक्रम कसा असावा हे सांगितले आहे. त्यात एक पोटकलम असे की, शक्य तोवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे. आणि लगेच त्याच्या पुढचे पोटकलम असे की, मुलास भय, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवावे आणि त्यास आपले मत मोकळेपणे मांडावयास साहाय्य करावे. ही दोन वाक्ये शेजारी शेजारी आली ती योगायोगाने की बुद्धिपुरस्सर, ते आम्ही सांगू शकत नाही. पण पांढुर्ण्याच्या शाळेत बसून ती वाचली तर ती एकाच वाक्याचे दोन भाग वाटतात. त्याही आधीची गोष्ट पाहा. ज्या पुनर्रचनेने हे दोन तालुके मराठी मुलखापासून वेगळे पडले, तिच्याच बरोबर १९५६ साली घटनेची सातवी दुरुस्ती होऊन ३५०-अ हे कलम आले, आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे राज्यांना सांगण्यात आले. जखम आणि मलम एकाच वेळी दिले गेले. मलमाची डबी पुढे किती वेळा उघडली, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

माध्यम बदलणे एका शिक्षकाच्या हाती नाही, हे आम्ही जाणतो. पण त्याच्या हाती जे आहे ते थोडे नाही. या भागातले शिक्षक पुष्कळदा स्वतः मराठी घरातले असतात. वर्गात फळ्यापाशी ते हिंदी बोलतील. ते त्यांचे काम आहे. परंतु मधल्या सुट्टीत, पडवीत, पोराच्या खांद्यावर हात ठेवून ‘काय झालं रे बाळा, काऊन गप्प आहेस?’ असे वऱ्हाडी वळणाने विचारावयास कोणत्या परिपत्रकाची मनाई आहे? शाळेत मराठी बोलल्याबद्दल दंड घेण्याची रीत काही ठिकाणी, विशेषतः इंग्रजी माध्यमाच्या शाळांत, हौसेने पाळली जाते. ती आम्हांस सर्वथा अमान्य आहे. मुलाच्या खिशातले दोन रुपये जातात त्याचे काही नाही. पण आपल्या आईचे बोलणे हा गुन्हा आहे, एवढे ते शिकून घेते. गोंड वस्त्यांतून येणाऱ्या मुलांचे दुःख तर आणखी एका पायरीने खोल आहे. ज्यांच्या घरी गोंडी बोलतात त्यांना शाळेची भाषा परकी, आणि सवंगड्यांची मराठीही परकीच. आम्ही मराठी माणसे हिंदीने आमच्यावर केलेल्या अन्यायाविषयी तावातावाने बोलतो, तेव्हा या मुलांची आठवण ठेवावी.

आता या गावांच्या जीवनातील एका प्रसंगाकडे येऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा भरतो. लहान लहान पोरे नटूनथटून लाकडी नंदीबैल ओढीत घरोघर फिरतात आणि बोजारा गोळा करतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्णा व दुसऱ्या काठावरून सावरगाव असे दोन गट एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. हीच ती गोटमार. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांच्या पळून जाण्याची कथा तिच्यामागे सांगतात. दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात. प्राणही गेलेले आहेत. सरकारने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते कोणी मनावर घेतले नाही. ही प्रथा मोडावी की राखावी, या वादात आज आम्ही शिरत नाही. आमचे मत वाचकांनी ओळखले असेलच. येथे आमची नजर त्या मुलांवर आहे जी गच्चीवरून हे पाहतात. संध्याकाळी थोरल्या भावाचे डोके बांधून आणलेले असते. आई रडत असते, आणि बाप शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत असतो. त्याच वेळी घरात कोठेतरी मातीचा नाहीतर लाकडाचा बैल पूजेत मांडलेला असतो. ही दोन दृश्ये एका लहान डोक्यात एकत्र कशी राहत असतील?

शाळा भरली की दोन्ही काठांची मुले एकाच बाकावर येऊन बसतात. त्या दिवशी गुरुजींनी काय करावे? ‘कोण जिंकले?’ असे विचारू नये. उपदेशाचे प्रवचनही झोडू नये; मुले ते ऐकताना खाली पाहतात आणि काहीच ऐकत नाहीत. कागद व रंग द्यावेत आणि काल काय पाहिले ते काढावयास सांगावे. जो काढील त्याचे पाहावे, जो काढणार नाही त्यावर जबरदस्ती करू नये. ज्याच्या चित्रात लाल रंगाशिवाय काही नाही त्याच्याशी मागाहून दोन शब्द एकट्याने बोलावे. पुढे पंधरा दिवसांत ज्या पोराची झोप किंवा वागणूक बिघडलेली दिसेल त्याच्या घरी जाऊन यावे. एवढे पुष्कळ झाले.

मरणाच्या दुःखाविषयीही शाळांना काही करता येते, आणि ते करावयाची वेळ या मुलखावर अलीकडेच आली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा भागात खोकल्याचे एक औषध पिऊन मूत्रपिंडे निकामी झाल्याने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांत बहुतेक परासियाकडची होती. पांढुर्णा-बैतुलकडच्या घरांनाही झळ लागली. कितीएक आईबाप शेवटच्या आशेने लेकरू घेऊन नागपूरच्या रुग्णालयांत धावले. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते, हे पुढे तपासणीत निघाले. गेलेली बालके बहुतेक पाच वर्षांच्या आतली. त्यांची थोरली भावंडे शाळेत जाणारी. वर्तमानपत्रे औषधाविषयी लिहीत राहिली, आणि ते योग्यच होते; या भावंडांविषयी कोणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात आले नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाची एक समजूत अशी असते की जे घडते ते आपल्यामुळे. चमचा आपण आणून दिला, बाटली आपण उघडली, तो रडत होता तेव्हा आपण त्याच्यावर रागावलो, म्हणून तो गेला, असे ते मनाशी धरून बसते आणि कोणास सांगत नाही. अशा मुलाला ‘तू आता शहाणा हो, आईला त्रास देऊ नकोस’ असे सांगणे म्हणजे त्याचे तोंड कायमचे बंद करणे होय. त्याला स्पष्ट, साध्या शब्दांत सांगावे की, यात तुझी काही चूक नव्हती. औषधच वाईट होते. गेलेल्या भावंडाचे नाव त्याच्यासमोर घ्यावे. देवाने नेले, एवढेच सांगून थांबू नये. आम्ही श्रद्धावंत असूनही हे मुद्दाम लिहितो. कारण लहान मूल त्या वाक्याचा अर्थ असा लावते की देव आता आपल्यालाही नेईल.

परीक्षेच्या निकालाविषयी लिहिताना हात जड होतो. २०२२ साली या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपला जीव आपण संपविला, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. त्या यादीत महाराष्ट्र पहिला आणि मध्य प्रदेशही वरच्या तिनांत. म्हणजे सीमेच्या अलीकडे व पलीकडे आपले घर सारखेच पेटलेले आहे. या सर्वांचे कारण परीक्षा हेच असते असे नाही. घरचे कलह, आजार, प्रेमभंग, अपमान, अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. पण निकालाचा दिवस हा धोक्याचा दिवस आहे, हे खरे. मध्य प्रदेशात नापास मुलांना त्याच वर्षी पुन्हा बसता यावे म्हणून २०१६ साली ‘रुक जाना नहीं’ ही योजना निघाली, आणि २०२५ पासून बोर्डाने स्वतःच त्याच वर्षी दुसरी परीक्षा घेण्याची सोय केली. सोय चांगली आहे. परंतु दहावीला नापास झालेल्या किती घरांना ती त्या संध्याकाळी आठवते? म्हणून निकाल लागण्याच्या आधीच, पास-नापास काहीच ठाऊक नसताना, बापाने एकदा जेवताना सांगून ठेवावे की त्याच वर्षी आणखी एक परीक्षा असते. निकालानंतर सांगितलेले सांत्वन वाटते. आधी सांगितलेली गोष्ट आधार होते. पाचवी आणि आठवीच्या मुलांबाबतही हेच. २०१९ च्या कायदादुरुस्तीने त्या वर्गांत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि या राज्यात त्या परीक्षा आता बोर्डाच्या धर्तीवर होतात. दहा वर्षांच्या पोराच्या तोंडी ‘बोर्ड’ हा शब्द येऊ लागला आहे. बागाइतदारांनी आपल्या कोवळ्या झाडांचा नियम येथे आठवावा.

सरकारी उपाय कागदावर बरेच आहेत. २०२० साली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना, शक्य तर एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार करावयाचे आहे. त्यांनी शिकवावयाच्या अकरा विषयांत भावना व मानसिक आरोग्य हाही एक आहे. त्याच वर्षी केंद्राने ‘मनोदर्पण’ सुरू केले. मध्य प्रदेशातल्या शाळांत नववीपासून ‘उमंग’ नावाचा जीवनकौशल्यांचा तास आहे, आणि जिल्हा रुग्णालयांत ‘मनकक्ष’ नावाची खोली आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच सांगितले की, ज्या शिक्षणसंस्थेत शंभर वा अधिक विद्यार्थी आहेत तिने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी संबंध जोडावा. गुणांवरून मुलांच्या वेगवेगळ्या तुकड्या पाडू नयेत, कोणाची चारचौघांत नाचक्की करू नये, असेही त्या निर्णयात आहे. मुख्याध्यापकांनी हा निर्णय शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवावा आणि आपल्या शाळेत हे दूत कोण, हे विचारावे. उत्तर आले नाही तर तोही एक बोध झाला.

समुपदेशक मिळेल तेव्हा मिळो. तोवर शिक्षक आहेतच. आणि समुपदेशक आल्यावरही शिक्षकांचे काम संपत नाही. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि तेथल्या छात्रालयाचे काम पाहत होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांचे पसरलेले सामान आवरून ठेवीत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. मानसशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पण खोली झाडणाऱ्याला कोणाच्या पेटीत घरून पत्र आले नाही आणि कोणाची उशी ओली आहे, हे न विचारता कळते. मुलाच्या मनात शिरण्याची हीच वाट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण खुर्चीवर बसून ‘तुझी अडचण सांग’ असे विचारण्यापेक्षा ती जवळची आहे खास.

मात्र शिक्षकाने वैद्य होऊ नये. तीन आठवडे उलटूनही जे मूल उदासच आहे, जे खात नाही, बोलत नाही, शाळेकडे पाय टाकीत नाही, ज्याला नसते आवाज ऐकू येतात, जे स्वतःला इजा करून घेते, त्याला तज्ज्ञाकडे पोहोचविलेच पाहिजे. येथे आपल्या लहान गावांची जी मोठी अडचण आहे ती लाजेची. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे थेट पागलखाना, अशी समजूत अजून पुष्कळ घरांतून आहे. आणि कोणाची गाडी कोणाच्या दारी उभी होती, हे सौंसरच्या बाजारात सायंकाळपर्यंत सर्वांस ठाऊक होते. मुलीचे नाव निघाले तर पुढे सोयरीक अडेल, ही भीती आईला असते. तिला मूर्ख म्हणून चालणार नाही. तिची भीती निराधार नाही. म्हणून गुप्तता ही शाळेने जिवापाड जपावयाची वस्तू आहे. मुलाने गुरुजींपाशी रडून सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर निघाली, तर ते मूल पुन्हा आयुष्यात कोणापाशी रडणार नाही.

आणि तरीही या गुप्ततेला एक अपवाद आहे, जो आमच्या वाचकांस विशेष समजावून सांगितला पाहिजे. पापनिवेदनाची मोहर कधीच मोडावयाची नसते, हे आपण लहानपणापासून शिकलो. शिक्षकाचे, मैत्रिणीचे, आत्याचे वा मामाचे वचन मात्र तसे नव्हे. ‘मला जगावेसे वाटत नाही’ असे मूल बोलले आणि ‘कोणास सांगू नका’ म्हणाले, तर ते वचन देऊ नये. त्याला सरळ सांगावे की, ‘हे मी माझ्यापाशी ठेवणार नाही, कारण तू मला हवा आहेस, पण ज्यांना सांगितलेच पाहिजे त्यांनाच सांगेन, आणि तुला बरोबर घेऊन सांगेन.’ असा प्रश्न विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार नव्याने भरतो, ही समजूत खोटी आहे. उघड विचारल्याने त्याला हलके वाटते, असे या शास्त्राचे जाणकार सांगतात. त्या दिवशी त्याला एकटे सोडू नये, घातक वस्तू त्याच्या हाताशी राहू देऊ नयेत. बागेच्या फवारणीचे औषध घरात उघड्यावर ठेवणाऱ्या आमच्या शेतकरी बांधवांनी हे वाक्य दोनदा वाचावे. ते औषध कुलपात ठेवावे आणि किल्ली थोरल्याच्या कनवटीस असावी.

रात्री-अपरात्री कोणाला विचारावे, असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनीसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कोणीतरी असते. मुलावर कोणी अत्याचार करीत असेल तर १०९८. टेलिमानसची सेवा देशभर मिळून वीस भाषांत आहे आणि मराठी त्यांतील एक आहे. तेव्हा दूरध्वनी लावताना मराठीत बोलावयाचे आहे असे निःसंकोच सांगावे. हे दोन क्रमांक शाळेच्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, दोन्ही भाषांत लिहून ठेवावेत. शाळेत जागा नसली तर संत्र्याच्या पेट्यांवर भाव लिहितात त्या रंगाने घराच्या ओट्यावर लिहिले तरी चालेल.